जरा उन्हात चला

कुसुम सिस्टर बसलेल्या मला फारशा आठवत नाहीत. चहा त्या उभ्यानं घ्यायच्या, ओट्याला टेकून, आणि कप अर्धा झाला की तो हातात धरूनच दारापर्यंत एक फेरी मारून यायच्या. जेवायला बसायच्या, पण एक गुडघा उभा, उठायच्या तयारीत. त्याला मी बसणं म्हणत नाही. आमच्या दोन्ही घरांमध्ये एकच भिंत होती आणि त्या भिंतीपलीकडून पहाटेपासून पावलं ऐकू यायची. नंतर नंतर ती थांबली की मला जाग यायला लागली.

मी तेव्हा शिरूरला प्राथमिक शाळेत शिक्षिका होते. एसटी स्टँडच्या मागे सहा बिऱ्हाडांची बैठी चाळ होती, त्यात त्या शेजारी. तळेगाव ढमढेऱ्याच्या सरकारी दवाखान्यात नर्स. सकाळी सातची गाडी धरायच्या. नवरा दौंडला रेल्वेत, तो सुट्टीला तेवढा यायचा. मुलगी प्रज्ञा, तेव्हा सहावीत.

आमची ओळखच भांडणानं झाली. राहायला आल्यावर पहिल्या रविवारी मी माझी एक पांढरी साडी धुऊन दोरीवर टाकली आणि आत गेले. बाहेर येऊन बघते तर एक बाई त्या साडीचा पदर उन्हाकडे धरून उभी.

"नीळ कुणी घातली?"

"मी."

"हात लई सैल हाय तुमचा, बाई. ही साडी न्हाई ऱ्हायली, आभाळ झालंय."

एवढं बोलून त्यांनी साडी दोरीवरून ओढली, त्यांच्या बादलीत पुन्हा बुडवली आणि तीन पाण्यांतून काढून वाळत घातली. मला विचारलंसुद्धा नाही. खोली भाड्यानं घेतली की शेजारीण मुकादम म्हणून फुकट मिळते, हे घरमालकानं सांगितलं नव्हतं. मला भयंकर राग आला होता. संध्याकाळी साडी वाळली आणि बघितली, तेव्हा तो राग कुठं ठेवावा ते कळेना. इतकी पांढरी ती दुकानातून आणली तेव्हाही नव्हती.

पांढऱ्यातलं त्यांना जेवढं कळायचं तेवढं मी दुसऱ्या कुणाला कळताना पाहिलं नाही. नोकरीची साडी पांढरीच. ती तांदळाच्या पेजेची खळ देऊन अशी कडक करायच्या, की एसटीत कुणी अंगावर रेललं तर साडीच त्याला परत ढकलायची. "पांढरा हा रंग न्हाई, बाई, खानदान हाय," त्या म्हणायच्या. मग एकेक सांगायच्या: दह्याचा पांढरा, तांदळाचा पांढरा, जोंधळ्याच्या पिठाचा, चुन्याचा. जाईच्या फुलाचा पांढरा सगळ्यांत वरचा आणि तो कुठं घावत नाही. सगळ्यांत खालचा म्हणजे मांजरपाटाचा. त्याचं नाव आलं की त्यांचा आवाज उतरायचा आणि पाय दाराकडे वळायचे.

एक जानेवारीला त्या कोरेगाव भीमाला जायच्या. एका वर्षी मीही गेले होते. अभिवादन करून, हात जोडून झालं आणि ह्या एवढ्या गर्दीत ओळखीची माणसं शोधायच्या सोडून बायकांच्या साड्या बघत हिंडायला लागल्या. नांदेडकडची कोण एक म्हातारी, हिची ओळख ना पाळख, तिच्या पदराला हात लावून विचारतात, "आजी, रिठा का सोडा?" म्हातारी म्हणाली, "रिठा." सिस्टर इतक्या खूश झाल्या, की परतीच्या जीपमध्ये तेच तीनदा सांगितलं.

पण त्यांचं खरं राज्य होतं बस्त्याचं. लग्न ठरलं की दोन्हीकडची पंधरा-वीस माणसं एका जीपमध्ये कोंबून कापडाच्या दुकानात जायची. नवरीची साडी, नवऱ्याचे कपडे, मानापानाचं सगळं एका बैठकीत घ्यायचं. दुकानदार नारळ फोडायचा, चहा मागवायचा. गादीवर पुरुष बसायचे, बायका मागे. ह्या पंधरा-वीस माणसांत फक्त एक माणूस नसायचं, ते म्हणजे नवरी. तिला घरी ठेवून यायची पद्धत. कुसुम सिस्टरांच्या समाजात नवरी पांढऱ्या साडीत उभी राहते, त्यामुळे आसपासच्या गावांतून बस्ता निघाला की जीप आधी आमच्या चाळीसमोर थांबायची. पुढं पुढं इतर समाजाचे लोकही त्यांना न्यायला लागले. आणि साडी पसंत पडत आली, की सिस्टर ती हातात घेऊन उठायच्या आणि दुकानदाराला म्हणायच्या, "शेठ, जरा उन्हात चला."

दुकानातल्या ट्यूबलाइटवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. एक टोक ह्यांच्या हातात, दुसरं टोक घाबरलेल्या नोकराच्या हातात, आणि साडी भर रस्त्यावर. नगरकडे जाणारे ट्रक हळू व्हायचे. उन्हात एकदा उलटी, एकदा सुलटी करून बघितली, की मान हलायची नाहीतर साडी आत जायची.

एकदा कोरेगावकडचे सुदाममामा लेकीचा बस्ता घेऊन आले होते. शाळेला सुट्टी म्हणून मीही गेले होते. दुकानात पाय टाकल्या टाकल्या सिस्टरांनी सगळ्यांवरून नजर फिरवली.

"मामा, नवरी कुठाय?"

"घरी हाय की."

"नेसायची कुणाला?"

"तिलाच."

"मग गाडी पाठवा."

"अवो सिस्टर, तिकडनं आलोय आम्ही सगळे! बस्त्याला कुठं पोरगी असती व्हय?"

"लग्नाला असती का?"

मामांनी ड्रायव्हरला हाक मारली. जीप परत गेली. पोरगी येईपर्यंत चहाच्या तीन फेऱ्या झाल्या, नवरदेवाचे काका गादीवर आडवे होऊन घोरायला लागले, आणि सिस्टर दुकान आणि फुटपाथ ह्यांच्यात इतक्यांदा आल्या-गेल्या, की शेवटी शेठ म्हणाला, "बाई, तुमच्याकडं बघूनच माझे पाय दुखायला लागले." पोरगी आली ती बिचारी कामावरून उठून आलेली, केसही विंचरलेले नाहीत. तिच्यापुढे पाच साड्या टाकल्या. तिनं हळूच बारीक बुट्ट्यांच्या एका साडीवर बोट ठेवलं. "ही..." ती म्हणाली.

"ती पहिल्या धुण्यात मरती," सिस्टर म्हणाल्या. "ही घे. तांदळाचा पांढरा हाय, तुझ्या सावळ्या रंगाला उठंल." पोरीनं मान डोलावली. खरेदी झाली, आणि साडी लग्नात खरंच तिला इतकी शोभली, की तिची सासू सिस्टरांचे हात धरून उभी राहिली. पण त्या बुट्ट्यांवरून उचललेलं बोट माझ्या लक्षात राहिलं. पोरीला आणण्यासाठी भांडायच्या सिस्टर, आणि पोरगी आली की बोलायच्याही सिस्टरच. हे मी त्यांना कधी म्हटलं नाही. म्हणायला हवं होतं.

हा हट्ट कशापायी, ते एका दुपारी इस्त्री करता करता त्यांनी सांगितलं. त्यांच्या लग्नाच्या वेळी वडील एकटेच दुकानात गेले. मजूर माणूस, दुकानात उंबऱ्याच्या आत जायची सवय नाही. पांढरी साडी द्या म्हणाले. दुकानदारानं काही न विचारता खालच्या फळीवरची मांजरपाटाची काढून दिली. मांडवात एका म्हातारीनं साडीला हात लावला आणि बोलून गेली, "अगं बया, हे तर मयताच्या सामानातलं हाय." वडिलांनी ते ऐकलं.

"दिवसभर पुन्हा मांडवात आले न्हाईत, बाई. माझी पाठवणी झाली तवा आप्पा लांब चिंचंखाली उभे व्हते. मरस्तवर त्यांना वाटलं, आपण पोरीला मयताचं कापड नेसवलं. त्यांची काय चूक? त्यांनी पांढरं मागितलं, त्यानं पांढरं दिलं. मला न्येलं असतं तर मी नुसता हात लावला असता आन् सांगितलं असतं." इस्त्री तशीच हातात धरून त्या उभ्या होत्या. मग एकदम म्हणाल्या, "माझ्या प्रज्ञाला मी जाईचा पांढरा नेसवणार. तेवढं एक मला करायचंय."

आणि तो त्यांना सापडलाही. पगाराचा फरक मिळाला होता त्या वर्षी. पुण्याला लक्ष्मी रोडवर कुणाच्या तरी बस्त्याला गेलो होतो. लोकांची खरेदी राहिली बाजूला, ह्या एका साडीसमोर थांबल्या. रेशीम, काठ अगदी बारीक. उन्हात नेली. उलटी केली, सुलटी केली, आणि फुटपाथवर त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. घड्याळ नाही, कानात धड काही नाही, बाटाच्या चपला तीन वर्षांच्या, आणि ह्या बाईनं एका फटक्यात तो फरक काउंटरवर ठेवला. मी थक्क झाले. "प्रज्ञाला बोलायचं न्हाई," त्या म्हणाल्या. "लग्नालाच दावणार." प्रज्ञा नववीत होती आणि आईच्या पिशव्या उचकायची, म्हणून साडी माझ्या पिशवीतून शिरूरला आली. दुसऱ्या दिवशी ती पेटीच्या तळाला गेली, डांबराच्या गोळ्या घालून, प्लॅस्टिकमध्ये.

पुढची काही वर्षं भराभर गेली. रांजणगावाकडे कारखाने उभे राहिले, जमिनी गेल्या, चेक आले. ज्या घरात दिवाळीला एक पातळ यायचं तिथं आता महिन्याला पिशव्या यायला लागल्या. गल्लीगल्लीत ब्यूटी पार्लर निघालं. बस्त्याच्या जीप शिरूरच्या दुकानापुढे न थांबता थेट पुण्याच्या एसी शोरूमला जाऊ लागल्या. आणि सगळ्यात कहर म्हणजे शूटिंगवाले. ते नवरीच्या बापाला सांगायचे, "काका, पांढरी नको, कॅमेऱ्यात चमक मारती." एका लग्नात अशा एका पोराशी सिस्टर कडाडून भांडल्या. "लग्न तिचं हाय का तुझ्या कॅमेऱ्याचं?" पोरगा म्हणाला, "मावशी, लग्न एक दिवस. कॅसेट जन्मभर." सिस्टर आठवडाभर येता-जाता मला विचारत राहिल्या, त्याला काय म्हणायला हवं होतं.

चाळीसमोर थांबणारी जीप कमी कमी होत गेली. पाय मात्र थांबले नाहीत. इंजिनाचा आवाज आला, की त्या दारात येऊन उभ्या राहायच्या. जीप पुढे गेली, की उगाच दोरीवरचे कपडे चाचपायच्या.

प्रज्ञा डिप्लोमा करून रांजणगावलाच एका कंपनीच्या ऑफिसात लागली. जीन्स, मोबाइल, महिन्याला नवी पर्स. मायलेकींचं रोज वाजायचं. "हात लावून बघावं आधी," आई म्हणायची. "मम्मी, हात काय लावायचा, लेबल बघायचं असतं," लेक म्हणायची. मला दोघींचंही पटायचं आणि दोघींचाही वैताग यायचा.

तिचं लग्न ठरलं, पुण्यातल्या मुलाशी. बस्त्याला आम्ही चौघंच: प्रज्ञा, तिचा होणारा नवरा, सिस्टर आणि मी. गाडीत सिस्टर माझ्या कानाला लागल्या. "बगू द्या तिला काय बगायचं ते. रिसेप्शनची घिऊ द्या. पांढरीचं नाव निघालं, की मी सांगणार." पेटीतल्या साडीबद्दल त्या सहा वर्षांत मी अवाक्षर काढलं नव्हतं.

शोरूम तीन मजली. रिसेप्शनची मरून साडी प्रज्ञानं पाच मिनिटांत घेतली. मग सिस्टर तोंड उघडायच्या आधीच तिनं सेल्समनला सांगितलं, "आता व्हाइटमध्ये दाखवा. विधीसाठी." सिस्टर माझ्याकडे बघायला लागल्या. पोरगी पांढरीला नाही म्हणेल ह्याची तयारी करून त्या आल्या होत्या. ती स्वतःच मागेल हे त्यांच्या डोक्यातही नव्हतं. टिकल्या लावलेली, लखलखीत एक साडी प्रज्ञानं खांद्यावर टाकून आरशात पाहिली. "ही," ती म्हणाली. चेहरा खुलला होता.

सिस्टरांनी सवयीनं साडी उचलली आणि जिन्याकडे निघाल्या. दारातल्या गार्डनं हात आडवा केला. सेल्समन मागून धावला. "मॅडम, माल बाहेर अलाउड नाही. आपल्याकडचे लाइट डेलाइटसारखेच आहेत."

"सारखेच म्हंजी? ऊन हाय का न्हाई?"

गिऱ्हाईकं वळून बघायला लागली. होणारा जावई मोबाइलमध्ये डोकं घालून उभा. प्रज्ञा जवळ आली आणि दबक्या आवाजात म्हणाली, "मम्मी, प्लीज. लोक बघत्यात."

सिस्टरांनी साडी तिच्या हातात दिली. एवढंच. त्यानंतर बिल होईपर्यंत त्या शोरूमच्या जिन्यावर खाली-वर करत राहिल्या आणि पेटीतली साडी घेतल्याचं बोलल्याच नाहीत. शेवटी बाहेर आलो, तेव्हा पिशवीच्या तोंडातून त्या टिकल्यांच्या साडीवर ऊन पडलं. निळसर होती. सिस्टरांनी आणि मी, दोघींनीही ते पाहिलं; सिस्टरांनी पिशवीचं तोंड दुमडून घेतलं.

घरी आल्यावर प्रज्ञा कोपऱ्यावर पिको-फॉलला साड्या टाकायला गेली. सिस्टरांनी मला हाक मारली. पेटी उघडली, वरचं सगळं उपसलं, प्लॅस्टिक काढलं. साडीची पहिली घडी मोडली आणि मीच आधी तोंडावर हात ठेवला. जिथं जिथं घडी होती तिथं तिथं पिवळा पट्टा. रुंद, चहाच्या पाण्याचा असावा तसा. आतल्या घड्याही तशाच.

"सिस्टर, तुम्ही उन्हात नाही दाखवली कधी?"

"कुठं दावणार?" त्या म्हणाल्या. "दोन खोल्यांचं घर. पोरीपास्नं लपवून कुठं वाळत घालू?" साऱ्या तालुक्याला वर्षातून एकदा घडी मोडायला सांगणारी बाई.

तेवढ्यात प्रज्ञा दारात उभी. "ही कुणाची?"

"तुझी."

"कवा घेतली?"

"तू नववीला व्हतीस."

ती खाली वाकली, काठावरून हात फिरवला. किती तरी वेळ फिरवत राहिली. मग म्हणाली, "किती भारी हाय गं, मम्मी. मला दावली का न्हाईस?"

"दावणार व्हते. लग्नाला."

"लग्नाला?" प्रज्ञाचा आवाज चढला. "लोकांच्या पोरींना गाडी पाठवून आणतीस. जिला नेसायचंय तिला आणा म्हणून मोठमोठ्यांना ऐकवतीस. मला कवा न्येलंस? मला कवा विचारलंस?" आणि मग रडायला लागली. "मी व्हय म्हणले असते की गं."

तेव्हा कुसुम सिस्टर बसल्या. पेटीशेजारी, फरशीवर, दोन्ही गुडघे खाली टेकून. साडी मांडीवर. मला त्यांच्या पायांकडे बघवेना, इतके ते निश्चल होते. त्या म्हणाल्या, "आप्पांनीबी मला इचारलं नव्हतं." मी घरी निघून आले. भिंतीपलीकडे त्या संध्याकाळी पावलं वाजली नाहीत.

रिठा झाला, लिंबू झालं, उन्हं झाली, पण डाग गेले नाहीत. लग्नात प्रज्ञा टिकल्यांच्या साडीत उभी राहिली आणि मांडवाच्या कापडाखाली ती निळसर दिसतही नव्हती. गोड दिसत होती, खोटं कशाला बोलू. सिस्टर स्वतः ती पिवळी पडलेली साडी नेसून आल्या. "आता ती माझ्या वयाची झालीय," मला म्हणाल्या आणि हसल्या. बुद्धवंदना सुरू व्हायच्या आधी प्रज्ञानं आईला ओढत मांडवाबाहेर उन्हात नेलं, पदर हातावर घेऊन पाहिला आणि खांद्यावर नीट पिन लावून दिली. शूटिंगवाला तिकडे आला नाही. त्याला कुणी बोलावलंच नव्हतं.

नंतर सिस्टर रिटायर होऊन दौंडला राहायला गेल्या. माझीही बदली झाली. पत्रं लिहिण्यातल्या आम्ही दोघीही नव्हतो.

चार-पाच वर्षांनी सोलापूरची गाडी धरायला मी दौंडला उतरले होते. गाडीला अवकाश होता, म्हणून त्यांचं घर शोधत बाजारातून निघाले. शोधावं लागलं नाही. कापडाच्या एका दुकानासमोर रस्त्यात दोन पांढऱ्या साड्या पसरल्या होत्या. रिक्षावाला हॉर्न वाजवत होता आणि त्याला कुणी भीक घालत नव्हतं. एका बाजूला वीस-बावीस वर्षांची एक सावळी मुलगी, दुसऱ्या बाजूला कुसुम सिस्टर. केस पूर्ण पिकलेले. मी हाक मारणार होते, पण मुलगी बोलायला लागली म्हणून थांबले.

"मावशी, तुम्हीच सांगा ना."

"मला न्हाई नेसायची. तू सांग."

एक साडी तांदळाच्या पांढऱ्याची होती. ते आता मलासुद्धा रस्त्याच्या ह्या बाजूनं कळत होतं. दुसरीत नीळ भसाभस. मुलीनं दोन्हींना हात लावला, पुन्हा लावला, आणि निळीची उचलली. सिस्टरांचं तोंड उघडलं. मग मिटलं. चपलेत उजवा पाय नुसता आपटत होता.

"आवडली?" त्यांनी विचारलं.

"लई."

"घे मग," त्या म्हणाल्या. रस्त्यातच त्यांनी साडीची घडी घातली, काठाला काठ जुळवून, आणि ती मुलीच्या हातात दिली. "पण लग्न झालं म्हणून पेटीत नको ठिवूस. नेसत जा."